जिन्यातल्या बॅटरीचे म्हणणे

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे आणि मला राग आला आहे.

राग एका पत्राचा आहे. ते पत्र माझ्याबद्दल होते. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह आले होते. पाठवणारा माणूस आमच्याच इमारतीत, एक मजला खाली राहत होता. एक जिना चढून आमच्या दारापर्यंत येणे त्याला जमले नाही. त्याचे पत्र खांदा कॉलनीतून निघाले, पोस्टात जाऊन शिक्के खाऊन आले आणि पुन्हा खांदा कॉलनीतच पोचले. पोस्टमनने माझ्या मालकांची, मुश्ताक सरांची, सही घेतली. सरांनी पत्र वाचले, घडी घातली आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिले. उत्तर दिले नाही. पावसाळा आला आणि गेला, तरी दिले नाही.

मला स्वतःबद्दल बोलायची सवय नाही. बॅटरीने बोलू नये, नुसते चालावे, असेच मी समजत आले. माझे म्हणणे कोणाला ऐकावेसे वाटेल की नाही, याचीही मला खात्री नाही. पण आता पोटात काही उरलेले नाही, तेव्हा निदान हे तरी बाहेर पडू दे.

मी बारा व्होल्टची. विटेपेक्षा थोडी लहान, वजनाला मात्र वीटच. पोटात शिशाच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये आम्ल. कारखान्यात एका बाईने माझ्यावर कंपनीचा कागद चिकटवला, तो जरा वाकडा लागला. तो अजून वाकडाच आहे. पनवेलच्या एसटी स्टँडाजवळच्या एका दुकानात मी फळीवर बसून होते. तिथून मुश्ताक सरांनी मला आणले.

सर एका शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त. दुकानदाराने "अजून काय देऊ?" असे विचारले तरी सरांना वाटे की आपलेच काही चुकले. घरात त्यांची पत्नी खतीजाबी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. मुलगी अल्फिया आईला भरवायची, कुशीवर वळवायची आणि मधल्या वेळात काम करायची. परदेशातले डॉक्टर रोग्यांचे अहवाल तोंडी बोलून रेकॉर्ड करून ठेवत. ते बोलणे इंटरनेटवरून अल्फियाकडे येई. ती कानाला हेडफोन लावून ते ऐकायची, टाइप करायची आणि ठरल्या वेळेच्या आत परत पाठवायची. आईला सोडून तिला बाहेर नोकरी करता येत नव्हती. हे काम म्हणजे त्या घराचा आधार होता.

आणि त्या वर्षांत वीज जायची. भारनियमन म्हणजे काय, हे तुमच्यातल्या लहानांना ठाऊक नसेल. भर दुपारी पंखा थांबायचा, फ्रिज गप्प व्हायचा आणि सगळी कॉलनी एका सुरात म्हणायची, "गेली!" अल्फियाचा लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तग धरायचा. अडायचे ते नेट. टाइप केलेला अहवाल समोर तयार असायचा आणि पाठवता यायचा नाही. त्यासाठी मी आले होते. लाईट गेली की राऊटरला मी चालवायचे.

पहिल्याच दिवशी लाईट गेली. मी जीव तोडून राऊटर चालवला. त्याचे सगळे दिवे लागले. पण नेट नाही.

"अब्बा, बॅटरी बाद निघाली वाटतं," अल्फिया म्हणाली.

सरांनी मला पिशवीत घातले आणि दुकानात नेले. दुकानदाराने मीटर लावून सांगितले, "काका, ठणठणीत आहे." सरांनी मला परत आणले. पुन्हा लाईट गेली, पुन्हा तेच. पुन्हा दुकान. मित्रांनो, मी काठोकाठ भरलेली होते आणि मला मेलेली म्हणत होते. राग यायला तिथूनच सुरुवात झाली.

शेवटी परेशला बोलावले. परेश म्हणजे केबलवाला. शेजारच्या गावातला आगरी पोरगा, आता या भागातल्या सगळ्या इमारतींना नेट तोच पुरवत होता. त्याने मला एकदा पाहिले, राऊटरकडे एकदा पाहिले आणि हसत सुटला.

"सर, बॅटरीला कशाला बोल लावता? ती चांगली हाय. वरचा डबा मेला हाय."

"कुठला डबा?"

"गच्चीच्या दाराशी आपला डबा हाय ना, त्याच्यातूनच सगल्या बिल्डिंगला नेट जातं. तो जिन्याच्या दिव्याच्या लाईनीवर चालतो. लाईट गेली का तो पन गेला. तुमी घरात दिवाली केली तरी काय उपेग?"

सर ओशाळले. अल्फिया तोंडावर ओढणी धरून हसली. घरातला राऊटर जागा असला की नेट जागे, असेच सर समजत होते. परेशच्या ऑफिसात इन्व्हर्टर होता. तिथून आमच्या इमारतीपर्यंत सगळे चालू असायचे. अडायचे ते गच्चीच्या दाराशी.

"मग बॅटरी त्या डब्याला जोडली तर?" सरांनी हळूच विचारले.

"जोडू की. पन हिला तिथंच वर ठेवावी लागंल, लांब वायरीत जोर मरतो. चार्जरची वायर तुमच्या घरातून वर नेऊ, तिच्यावरच तुमचा राऊटर पन चालंल. सोसायटीला इचारा मात्र."

सरांनी विचारले. हे मी ठासून सांगते, कारण मी तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत होते आणि प्रत्येक शब्द ऐकला आहे. काशिरामभाऊ सोसायटीचे सेक्रेटरी. काखेत वर्तमानपत्र, हातात दुधाच्या पिशव्या, असे ते जिना चढत होते.

"काशिरामभाऊ, वरच्या डब्यापाशी एक छोटी बॅटरी ठेवावी म्हणतो. वीज माझ्याच मीटरची असेल. सोसायटीची हरकत नसेल तर..."

"अहो सर, हे काय विचारणं झालं? बिनधास्त ठेवा! आपलीच सोसायटी आहे."

"लेखी अर्ज देऊ का?"

"कसला अर्ज! तुम्ही शाळेतली माणसं ना, कागदाशिवाय घास उतरत नाही तुमचा."

सर लाजून हसले. एसटीचे तिकीटसुद्धा पुस्तकात खूण म्हणून जपणारा हा माणूस, पण त्या दिवशी कागद मागायला लाजला.

गच्चीच्या दाराशी एका लाकडी फळीवर मला जागा मिळाली. जाळ होऊ नये म्हणून सरांनी माझ्या लाल टोकाला फ्यूज बसवला. वायरी भिंतीला क्लिप मारून सरळ नेल्या, पट्टीने रेघ आखावी तशा. मग लाईट गेली की मी घरातला राऊटरही चालवू लागले आणि वरचा डबाही. म्हणजे एकट्या अल्फियाचे नव्हे, सगळ्या इमारतीचे नेट मी चालवत होते. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होते त्यांची तर चैन झाली. काशिरामभाऊंचा मुलगा ऑस्ट्रेलियात. दुपारी बापलेक कॅमेऱ्यासमोर बोलायचे आणि त्यांचे हसणे जिन्यातून वर माझ्यापर्यंत यायचे. मला बरे वाटायचे. खोटे कशाला बोलू, फार बरे वाटायचे.

कौतुक मात्र परेशचे व्हायचे. "परेशचं नेट म्हणजे नेट! लाईट गेली तरी चालू." परेश सरांना म्हणाला, "सर, सगले माझं नाव घेतात. सांगू का त्यांना, बॅटरी कोनाची हाय ती?"

"राहू दे रे," सर म्हणाले. "चालतंय ना? मग झालं."

नाही झाले. तेव्हाच सांगायला हवे होते. लाजाळू माणसे स्वतःचे चांगले काम लपवून ठेवतात आणि मग लोक त्या लपवण्याला दुसरेच नाव देतात.

एके दिवशी दूरच्या एका शहरात स्फोट झाला. टीव्हीवर तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चारपाच रहिवासी पाण्याची टाकी बघायला वर आले. बरोबर काशिरामभाऊ होते. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थाची नजर माझ्यावर गेली.

"हे काय आहे?"

"बॅटरी दिसते. वायरी पण आहेत."

"कुणी ठेवली?"

"वायर कुठे जाते बघा ना."

सगळ्यांच्या नजरा वायरीवरून सरकत खाली गेल्या. मुश्ताक सरांच्या दारावरच्या झरोक्यात जाऊन थांबल्या. मग आवाज एकदम खाली आले.

"आजकाल काय सांगता येतं का बाबा."

"साधी वाटतात माणसं..."

मी काशिरामभाऊंकडे पाहत होते. मला वाटले, आता हा माणूस बोलेल. एक वाक्य पुरे होते: मीच हो म्हटलं होतं. तेवढे म्हटले असते की सगळे हसले असते आणि टाकी बघायला गेले असते. काशिरामभाऊंचे तोंड उघडले. मग मिटले. मग पुन्हा उघडले.

"बघतो," ते म्हणाले. "ऑफिशियली कळवू."

त्या क्षणी माझ्यात साठलेली सगळी वीज त्या फळीवर ओतून टाकावी असे मला वाटले. पण मला साधा आवाजही काढता येत नाही. शेजारी डब्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्या सगळ्यांच्याच घरी जाणारे नेट होते ते.

मग ते पत्र आले. सोसायटीच्या छापील कागदावर, काशिरामभाऊंच्या सहीने. "आपण जिन्यात विनापरवानगी ठेवलेली संशयास्पद वस्तू तात्काळ हटवावी. अन्यथा पोलिसांत कळवण्यात येईल."

विनापरवानगी! आणि संशयास्पद वस्तू! मित्रांनो, मला नाव आहे. तुमच्या स्कूटरमध्ये, दवाखान्यात, लिफ्टमध्ये, देवळाच्या नि मशिदीच्या भोंग्यामागे माझ्या बहिणी बसलेल्या आहेत. त्यांना कोणी वस्तू म्हणत नाही. मी कोणाच्या दारातून आले, एवढ्यावरून माझे नाव बदलले.

"अब्बा, त्यांनीच हो म्हटलं होतं ना?" अल्फिया म्हणाली. "जाऊन विचारा त्यांना."

"मी कधी म्हटलं, असं म्हणाले तर? माझ्याकडे काय आहे दाखवायला?"

"मग लिहून जवाब द्या."

"देईन, बेटा. नीट विचार करून देईन. आपलंही थोडं चुकलंच असेल..."

त्याच दिवशी सर स्टूल घेऊन वर आले. आधी फ्यूज काढला, मग वायरी सोडवल्या. माझ्याखालच्या फळीवर धुळीचा चौकोन उमटला होता, तो त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसला. मनात काळेबेरे असणारा माणूस जाताना फळी पुसत नाही, हे कोणाच्या ध्यानात येणार?

मला पलंगाखाली, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यामागे सारले. ज्या दिवशी काढली त्या दिवशी सकाळपासून लाईट गेलेली होती, म्हणून मी रिकामी होते. सरांना मला भरून ठेवायचे सुचले नाही. माझ्याकडे पाहणेच त्यांना नको झाले होते. जिन्यात कोणी भेटले की ते भिंतीला लागून, मान खाली घालून उतरायचे. चष्मा पुसण्याचे निमित्त करायचे.

आता एक गोष्ट ऐका, ती तुमच्या उपयोगाची आहे. बॅटरी वापरून मरत नाही तेवढी रिकामी ठेवून मरते. रिकाम्या बॅटरीच्या शिशावर हळूहळू पांढरा थर धरतो. सुरुवातीला तो विरघळू शकतो. मग कडक होतो, आणि मग कितीही वीज दिली तरी आत शिरत नाही. पलंगाखाली माझे तेच चालले होते. पलंगावर खतीजाबी कण्हायच्या आणि बाजूच्या खोलीत अल्फियाच्या बोटांचा आवाज यायचा. लाईट गेली की तो थांबायचा. मग कपाळाला हात लावून बसल्यासारखी शांतता. अहवाल उशिरा जाऊ लागले. कंपनीने काम कमी केले. मग एक दिवस मेल आला की पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देण्यात येईल.

आणि त्याच आठवड्यात काशिरामभाऊंनी जिन्यात आरडाओरड केली. दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

"अरे परेश, काय सर्व्हिस आहे ही तुझी? पूर्वी लाईट गेली तरी नेट चालायचं. आता मुलगा स्क्रीनवर तोंड उघडं ठेवून अडकून बसतो!"

"काका, पूर्वी तुमच्या पोराला सरांची बॅटरी चालवायची."

"कुठली बॅटरी?"

"तीच, जिला तुमी पोलिसात देनार होतात."

 मग चपलांचा आवाज वर आला.

"सर, आत येऊ का?" काशिरामभाऊ दारात उभे होते. "ते जुनं विसरा हो. तेव्हा वातावरणच तसं होतं. ठेवा परत बॅटरी तिथे. आता कोणाची हरकत नाही."

"आणि ते पत्र?" अल्फियाने विचारले.

"अगं, पत्राचं काय मनावर घेतेस? फॉर्मॅलिटी असते ती."

"बरं, बघतो," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखे काहीतरी होते. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

काशिरामभाऊ गेल्यावर सर गुडघ्यावर बसले, मासिके बाजूला केली आणि मला बाहेर ओढले. चार्जर लावला. मी घेऊ पाहिले. शपथेवर सांगते, मी फार प्रयत्न केला. पण आत काही शिरेना. सरांनी दुसऱ्या दिवशी पाहिले, मीटर लावला, पुन्हा लावला. मग ते माझ्यासमोर फरशीवरच बसून राहिले.

"अल्फिया," ते म्हणाले, "हिची काय चूक होती गं?"

"अब्बा, तुमची काय होती?"

सरांनी चार्जरची पिन काढली. मग म्हणाले, "उद्या नवी आणतो. लगेच वर लावतो. तुझं काम तरी वाचेल."

"नवी आणा. वर नका लावू. पहिले जवाब जाऊ दे."

"आणि तोवर तुझं काम गेलं तर?"

"गेलं तर दुसरं शोधू. जिन्यात भिंतीला घासत उतरता तुम्ही. शर्टाच्या बाहीला चुना लागतो. मी धुते तो, अब्बा. मला माहीत आहे."

सर लिहायला बसले. पहिल्या कागदावर त्यांनी लिहिले, "झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे." अल्फियाने खांद्यावरून वाचले. "दिलगीर कशाबद्दल?" कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिले, "माझ्या अल्पमतीप्रमाणे आपला काही गैरसमज..." अल्फिया म्हणाली, "अब्बा, हा जवाब आहे की माफीनामा?" तोही फाडला. पलीकडून खतीजाबी अडखळत म्हणाल्या, "साधं लिवा." आजारी पडल्यापासून त्यांच्या तोंडून एवढे स्पष्ट शब्द क्वचितच निघाले होते. सरांनी मान हलवली आणि साधे लिहिले.

"ती वस्तू संशयास्पद नव्हती. ती बॅटरी होती. ती ठेवण्यापूर्वी मी तुम्हाला जिन्यात विचारले होते आणि तुम्ही हो म्हणाला होता. वीज माझ्या मीटरची होती. नेट सर्वांचे चालत होते. नवी बॅटरी वर लावायची असेल, तर आधी तुमचे पत्र तुम्ही मागे घ्यावे. तेही सर्व रहिवाशांसमोर, कारण माझ्याबद्दलची कुजबुज सर्वांसमोर झाली होती. आपला, मुश्ताक."

खाली त्यांनी सही केली. या वेळी कागद फाडला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला रिकामी ठेवून देऊ नका. वापरायची नसली तरी महिन्यातून एकदा भरा, वायरीची टोके पुसा, हाताला लागेल अशा जागी ठेवा. आणि एखाद्या शेजाऱ्याबद्दल तुम्हाला खरे ठाऊक असेल, तर चार माणसे कुजबुजत असताना तोंड मिटू नका. मला बॅटऱ्यांपलीकडचे फारसे कळत नाही. पण तो पांढरा थर माणसांतही धरताना मी पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला पिशवीत घातले. जुनी देऊन नवी आणायची होती. त्याच पिशवीत वरती तो लिफाफा. आम्ही रिक्षाने निघालो आणि आधी पोस्टात गेलो. सरांनी पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तशी मी धप्पकन वाजले. माझ्या टोकाची सुटी वायर पिशवीबाहेर डोकावत होती.

खिडकीमागच्या बाईंनी मान वर केली. रांगेतली दोन माणसेही बघू लागली.

"काका, पिशवीत काय आहे?"

 मला वाटले, आता सर चष्मा काढतील आणि पुसत बसतील.

"बॅटरी," सर मोठ्याने म्हणाले. साऱ्या पोस्टाला ऐकू गेले. "आमच्या इंटरनेटची बॅटरी आहे. बघायची आहे का?" आणि त्यांनी पिशवीचे तोंड उघडून धरले.

"नको हो," बाई म्हणाल्या. "आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी मेलीय, कोणी बदलत नाही." मग लिफाफा हातात घेऊन त्यांनी दोन्ही पत्ते वाचले. "अहो, पाठवणारे आणि घेणारे एकाच बिल्डिंगमधले? जिना उतरून द्यायचं ना!"

"त्यांचं पत्र असंच आलं होतं," सर म्हणाले. "रजिस्टर करा. पोचपावतीसह."

बाईंनी पोचपावतीचे कार्ड लिफाफ्याला टाचले, शिक्का उचलला आणि दोनदा दणकन मारला. कट्टा हादरला, त्याच्यावर मी हादरले. मग त्यांनी लिफाफा मागच्या पोत्यात टाकला.